कमी बजेटचे नवे भयपट : कोणते खरंच घाबरवून गेले?

सांजवात

गेल्या पावसाळ्यात घरचे सगळे गावी गेले होते आणि मी ठाण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी होते. रात्री साडेअकराला 'स्किनामारिंक' लावला. हा २०२२चा कॅनडाचा चित्रपट. काईल एडवर्ड बॉल या दिग्दर्शकानं एडमंटनमधल्या ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, त्याच घरात तो चित्रित केला. खर्च साधारण १५ हजार अमेरिकी डॉलर. गोष्ट दोन ओळींची आहे. दोन लहान भावंडं रात्री जागी होतात. बाबा घरात नाहीत, आणि हळूहळू घराची दारं-खिडक्याही नाहीशा होऊ लागतात.

पडद्यावर दिसतं काय? छताचा कोपरा. दाराची चौकट. जमिनीवर पसरलेले लेगोचे ठोकळे. अंधाऱ्या हॉलमध्ये टीव्हीवर चाललेली जुनी कार्टून्स आणि भिंतीवर हलणारा त्यांचा निळसर उजेड. मुलांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. ती कुजबुजतात, आणि ते कुजबुजणं इतकं हळू की मी रिमोट उचलून आवाज वाढवला. थोड्या वेळानं पुन्हा वाढवला, मग तिसऱ्यांदा. आणि मी कान देऊन बसले असतानाच तो आवाज आला. काय ते सांगत नाही. पण आवाज मीच वाढवून ठेवला होता, माझ्याकडून ते करवून घेतलं गेलं होतं, हे लक्षात आल्यावर अंगावर जो काटा आला तो अजून आठवतो.

तेव्हापासून मी छोट्या पैशांतले भयपट शोधून शोधून पाहते आहे. आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय की या चित्रपटांची खरी ताकद ऐकण्यात आहे. पैसा नसला की भूत दाखवता येत नाही. मग ते ऐकवावं लागतं, आणि ऐकलेलं भूत प्रत्येकाचं वेगळं असतं. मोठ्या बॅनरच्या चित्रपटात वीस मिनिटांत पांढऱ्या डोळ्यांची बाई अंगावर धावून येते आणि सोबत ढणाण ढणाण संगीत. दचकायला होतं, पण भीती वाटत नाही. दचकणं आणि घाबरणं यांत फरक आहे.

आणखी दोन नावं. २०२०च्या टाळेबंदीत केलेला 'होस्ट'. सगळा चित्रपट झूम कॉलवर घडतो, लांबी तासाभराहून कमी. दिग्दर्शक रॉब सॅव्हेज स्वतः कुठल्याच घरात हजर नव्हता. कलाकारांनी आपापल्या घरात कॅमेरा लावला, दिवे लावले, दारं आपटण्याची व्यवस्थाही आपणच केली. आपण सगळेच तेव्हा त्या चौकटींत बसलो होतो, म्हणून त्यातली एक चौकट नुसती रिकामी झाली तरी पोटात गोळा येतो.

दुसरा २०२५चा 'गुड बॉय'. घर पछाडलेलं आहे, पण ते आपल्याला कुत्र्याच्या नजरेतून दिसतं. बेन लिऑनबर्ग या दिग्दर्शकानं स्वतःच्या इंडी नावाच्या कुत्र्याला घेऊन तीन वर्षांत मिळून ४०० दिवस चित्रीकरण केलं. कॅमेरा सतत कुत्र्याच्या उंचीवर असतो आणि माणसांचे चेहरे बहुतेक वेळ चौकटीबाहेर. इंडी काही अभिनय करत नाही. तो नुसता एका कोपऱ्याकडे बघत उभा राहतो. पण ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ते बघणं माहीत असतं. रात्री दोनला तो उठतो, रिकाम्या पॅसेजकडे तोंड करून उभा राहतो, कान टवकारतो. आपल्याला काहीच ऐकू येत नसतं.

तुम्ही काय पाहिलंत, काय आवडलं, काय नाही आवडलं ते सविस्तर लिहा. मराठीबद्दल आवर्जून लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी तसं सांगा.

घाटमाथा

मला 'स्किनामारिंक' झेपला नाही. चाळीस मिनिटांत बंद केला. अंधारात छताचा कोपरा दाखवत राहिलं म्हणजे भयपट झाला, हे मला पटत नाही. गोष्ट पाहिजे. माणसं पाहिजेत, त्यांचं काही चुकलेलं असायला पाहिजे, त्यांच्यावर काहीतरी उलटायला पाहिजे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचून वाढलेल्या वाचकाला तुम्ही नुसतं वातावरण देऊन परत पाठवू शकत नाही.

माझं मत 'लपाछपी'ला. २०१७चा, विशाल फुरियांचा. पूजा सावंत आणि उषा नाईक. दिवस गेलेली मुलगी नवऱ्याबरोबर उसाच्या मधोमध असलेल्या घरात येऊन राहते, एवढ्यावर सगळा डोलारा आहे. महागडं काही नाही त्यात. पुढे त्याच दिग्दर्शकानं हिंदीत 'छोरी' केला, तिथे पैसा जास्त दिसतो, पण मला मराठीच जास्त लागला.

कारण ऊस. माझं बालपण कोल्हापूरकडचं, म्हणून सांगतो. दहा-बारा महिन्यांचा ऊस डोक्याच्या बराच वर गेलेला असतो. आत शिरलं की चार सरी ओलांडेपर्यंत बाहेरचं काही दिसत नाही. पाला अंगाला कापतो, मानेवर, कोपरावर, घाम लागला की चुरचुरतो. आणि मुख्य म्हणजे आवाजाची दिशा कळत नाही. वारा सुटला की सगळीकडून सळसळ येते, त्यात कुणी चालत असेल तर ते पुढे आहे की मागे, सांगता येत नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं चकवा लागला म्हणायची. ओळखीच्या रानात माणूस तासभर फिरून त्याच बांधावर परत येतो. या चित्रपटानं तो चकवा बरोबर पकडला आहे. बाई पळते, पळते, आणि पुन्हा तेच घर समोर.

रूमटोन

सांजवात, धाग्याबद्दल आभार. मी पुण्यात साऊंडचं काम करतो, बहुतेक लघुपट आणि दोन-तीन छोटे मराठी चित्रपट, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

घाटमाथा, तुम्ही म्हणता गोष्ट पाहिजे, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात उसाच्या आवाजाबद्दल लिहिता! तुम्हाला त्या चित्रपटातलं जे लागलं तेही कानानंच लागलं.

थोडं कामातलं सांगतो. कुठल्याही जागी चित्रीकरण संपलं की आम्ही सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करतो आणि त्या जागेची शांतता रेकॉर्ड करतो. त्याला रूम टोन म्हणतात, माझं इथलं नाव त्यावरूनच. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. फ्लॅटमध्ये फ्रिजची घरघर असते, ट्यूबलाइटचं गुणगुणणं असतं, खालच्या रस्त्याचा दबका आवाज असतो. संकलनात दोन संवादांच्या मध्ये ही शांतता भरली नाही, तर प्रेक्षकाला भोक पडल्यासारखं वाटतं.

मागे एका जुन्या वाड्यात काम केलं. रात्री एक वाजता पंखे बंद केले, जनरेटर बंद केला, पंचवीस माणसं श्वास रोखून उभी. मी हेडफोन लावून बसलेलो. तीस-चाळीस सेकंदांनी माळवदाचं लाकूड कडकडलं. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री आवळतं, त्याचा तो आवाज. मला कारण माहीत होतं, तरीही मानेवरचे केस उभे राहिले. त्या एका मिनिटात बाहेरचे रातकिडे मध्येच थांबले आणि परत सुरू झाले. का थांबले माहीत नाही. मी ते रेकॉर्डिंग जपून ठेवलं आणि चित्रपटात जसंच्या तसं वापरलं. प्रेक्षकांना काय झालं ते सांगता येत नव्हतं, पण त्या जागी थिएटरात चुळबुळ थांबायची. एवढ्याला खर्च शून्य.

हाड मोडण्याचा आवाज आम्ही शेवग्याच्या ताज्या शेंगा एकदम पिरगाळून काढला होता. चिखलातून ओढत नेलेल्या माणसाचा आवाज म्हणजे ओलं गोणपाट. हे सगळं हातानं करता येतं. दुःख याचं वाटतं की छोट्या मराठी निर्मितीत पैसे कापायची वेळ आली की पहिली कात्री साऊंडला लागते. ड्रोनचं दृश्य राहतं, आमचे दोन दिवस जातात. भयपटात तर हे अगदी उलट व्हायला हवं.

घाटमाथा, एक विनंती. 'स्किनामारिंक' पुन्हा एकदा लावा. मोबाइलवर नको. दिवे घालवून, चांगले हेडफोन लावून. आवडेलच असं म्हणत नाही.

शेवटची_रांग

मराठी भयपट थिएटरात पाहायचा म्हणजे सकाळी पावणेदहाचा खेळ. आठवड्याभरात तोही जातो. मी असाच एक पाहायला गेलो होतो, सात प्रेक्षक, आणि जिन्याजवळचे दिवे पूर्ण वेळ चालू. विनंती केली तर सांगितलं की कमी लोक असले की बंद करत नाहीत. अंधारासाठी केलेला चित्रपट उजेडात पाहिला. दिग्दर्शकाच्या जागी मी असतो तर रडलो असतो.

तळकोकण

इथे 'तुंबाड'चं नाव अजून कसं आलं नाही? २०१८मध्ये आला तेव्हा थिएटरं रिकामी होती. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना मूळ कल्पना धारपांच्या एका कथेवरून सुचली होती. तो तसा अगदी कमी पैशांतला नाही, पण खराखुरा पाऊस हवा म्हणून त्यांनी एकापाठोपाठ एक पावसाळे थांबून चित्रीकरण केलं. तो पाऊस आमचा आहे. ज्यानं जुलैतले आठ दिवस सूर्य न बघता काढलेत, भिंतीला ओल चढलेली आणि कपड्यांना कुबट वास येताना अनुभवलाय, त्याला ते घर बघताना नाकात वास येतो.

पण एक तक्रार आहे, आणि ती सगळ्यांबद्दल आहे. भूत हवं की कोकणात चला, असं झालंय. मालिका झाल्या, चित्रपट झाले, आता यूट्यूबवरचे लघुपटही तेच. माड, कौलारू घर, कंदील, मालवणी बोलणारा एक वेडसर गडी. आमच्या भीतीचा हा सगळा उथळ वापर आहे.

आमच्याकडे देवचार म्हणजे अंगावर येणारं भूत नव्हे. तो राखणदार. गावाच्या वेशीवर असतो, रात्री फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, असं मानतात. त्याचा मान ठेवायचा असतो, एवढंच. आजी आम्हाला दटावायची, "तिन्हीसांजेक शिटी वाजवू नुको." कारण विचारलं तर तिच्याकडे उत्तर नसायचं, नुसती वेशीकडे बघायची. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे लोक देवाला मोठाल्या चामडी चपला वाहतात, माणसाच्या पायात बसणार नाहीत एवढ्या. देव रात्री गावभर फिरतो, म्हणून त्या चपला झिजतात अशी श्रद्धा. लहानपणी मी त्या चपलांचे तळवे निरखून बघितलेत. ती भीती वेगळीच होती, तिच्यात आधारही होता. कुणीतरी रात्रभर चालतंय, आणि ते आपल्यासाठी चालतंय.

असा चित्रपट कुणी करत नाही. त्याला काय लागतं? एक पाणंद, एक बॅटरी आणि रूमटोन यांच्यासारखा माणूस.

विवेकी_वाटाड्या

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत काम केलेला माणूस आहे, आणि मला भयपट मनापासून आवडतात. दोन्ही एकत्र सांभाळताना ओढाताण होते, म्हणून लिहितो. खाली 'भूतकालम'चा शेवट आणि 'जारण'चा काही भाग आहे.

२०१३मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तरीही सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. मी नंदुरबारकडे अशा एका बाईशी बोललो आहे. गावात कुणाचं मूल दगावलं आणि हिच्याकडे बोट दाखवलं गेलं. ती बोलताना सतत दाराकडे बघत होती. त्यानंतर कुठल्याही भयपटात म्हातारी, एकटी, काळी साडी नेसलेली बाई दुष्ट निघाली की मला ती आठवते.

२०२५च्या जूनमध्ये 'जारण' आला. लेखन-दिग्दर्शन भयकथा लिहिणारे हृषीकेश गुप्ते यांचं, अमृता सुभाष आणि अनिता दाते यांची कामं. अमृता सुभाषनं राधाच्या भूमिकेचं जे केलंय त्याला तोड नाही. करणी खरी की तिचं मन आजारी, हा प्रश्न चित्रपट शेवटपर्यंत धरून ठेवतो. माझे काही सहकारी म्हणाले की यानं अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं. मला तसं वाटलं नाही. लहान वयात एखाद्या मुलीच्या डोक्यात भीती घातली तर ती तिला आयुष्यभर कशी पोखरते, हे मला त्यात दिसलं. आमच्या शिबिरात हे समजावायला दोन तास लागतात.

याउलट २०२२चा मल्याळम 'भूतकालम'. राहुल सदाशिवन यांचा, भाड्याचं घर, आई आणि मुलगा, बस्स. आईचं काम करणाऱ्या रेवतींना त्यासाठी केरळ राज्य पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. दीड तास मी नैराश्यावरचा इतका प्रामाणिक चित्रपट पाहिला नाही असं म्हणत होतो. औषधं घेणारी आई, नोकरी न मिळणारा मुलगा, जेवणाच्या टेबलावरची ती शांतता. आणि शेवटी भूत खरंच निघतं. तिथे मला फसवल्यासारखं वाटलं. ज्यांच्या घरी असा आजार आहे ते काय समजतील?

सांजवात

विवेकी, 'भूतकालम'बद्दल माझं अगदी वेगळं मत आहे. माझ्या जवळच्या माणसाला हा आजार होता. त्या काळात घरात जे होतं ते आम्हा सगळ्यांना खरंच जाणवायचं, फक्त नाव देता येत नव्हतं. मला त्या शेवटी फसवल्यासारखं वाटलं नाही. आई आणि मुलगा पहिल्यांदा एकमेकांवर विश्वास ठेवतात, 'तुला दिसतं ते मलाही दिसतं' इथे येऊन पोचतात, तेव्हा मी रडले. भुतानं मला घाबरवलं ते वेगळं. पण आजारी माणसाला घरात सगळ्यात जास्त काय हवं असतं, तर कुणीतरी 'मलाही दिसतंय' म्हणणं.

डाकीण ठरवलेल्या बाईबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. म्हातारी बाई हे आयतं भूत झालंय खरं.

तळकोकण, त्या चपलांवर तुम्ही स्वतः काही लिहा. मनापासून सांगते आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे भयपटांना स्वतःचा प्रेक्षक आहे आणि ऑक्टोबर हा त्यांचा सण. त्यामुळे छोट्या माणसाला वाट मिळते. १९९९चा 'ब्लेअर विच', मग 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी', तोही १५ हजार डॉलरचा आणि दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरातलाच. 'स्किनामारिंक' त्याच आकड्यात बसतो, मधे पंधरा वर्षं गेली तरी.

'टेरिफायर' मालिकेचं नाव कुणी घेतलं नाही. दुसरा भाग २०२२मध्ये अडीच लाख डॉलरमध्ये झाला, तिसरा २०२४मध्ये वीस लाखांत, आणि त्यानं जगभरात जवळपास नऊ कोटी डॉलर मिळवले. मला रक्तपात सोसत नाही, तिसरा भाग मी अर्ध्यात सोडून बाहेर आलो. पण डेमियन लिओन हा मूळचा मेकअपवाला, ते रबर, ते रक्त सगळं हातानं घडवतो, त्या मेहनतीला मान द्यायलाच हवा.

आवर्जून सांगायचा तो 'मिल्क अँड सीरियल'. २०२४. करी बार्कर नावाच्या तरुणानं मित्रांना घेऊन ८०० डॉलरमध्ये केला आणि सरळ यूट्यूबवर फुकट टाकला. आठशे! इथे एका महिन्याचं घरभाडंही त्यात होत नाही. तासाभराचा आहे, त्यात भूत नाही, माणूस आहे, आणि मला दोन रात्री त्याचा चेहरा आठवत होता. शेवटची_रांग यांनी लिहिलेलं वाचून वाटलं, पावणेदहाच्या खेळासाठी धडपडण्यापेक्षा मराठी मुलांनी हे करून बघावं. इथली आमची मंडळातली पोरंसुद्धा मराठी भयपट म्हटलं की तात्या विंचूच्या पुढे जात नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत दुसरं काही पोचतच नाही.

रूमटोन

एडिसनकर, यूट्यूबवर टाकणारे आहेत, पण ऐकवत नाहीत. दृश्य उत्तम, आणि आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकचा. आठशे डॉलर म्हणजे आपले सत्तर हजारांच्या आसपास. त्यातले दहा हजार एका बऱ्या माइकला आणि रेकॉर्डरच्या भाड्याला घाला, एवढंच माझं सांगणं.

तळकोकण, पाणंद तुमची, बॅटरी तुमची. मी मशीन घेऊन येतो. खरंच येतो. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण ओसरला की कळवा. रातकिड्यांचा आवाज तेव्हा स्वच्छ मिळतो.

तळकोकण

या. तुळशीच्या लग्नानंतर या. राहायची सोय घरी आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

घाटमाथा

रूमटोन यांच्या सांगण्यावरून काल रात्री पुन्हा लावला. मुलाचे मोठे हेडफोन घेतले, दिवे घालवले.

अजूनही म्हणेन की तो वीस मिनिटांनी कमी हवा होता. गोष्टीबद्दलचं माझं मतही तेच आहे. पण मागच्या वेळी ज्या जागेच्या आधीच मी बंद केला होता, ती जागा या वेळी पाहिली. मुलगी वरच्या खोलीत जाते. पलंगावर बाबा पाठमोरे बसलेले असतात आणि ते तिला पलंगाखाली बघायला सांगतात. ती बघते. खाली काही नसतं. ती पुन्हा वर बघते. एवढंच. पण ती खाली वाकली, तेव्हा हेडफोनमध्ये जी शांतता होती ती मघाची शांतता नव्हती, बदलली होती. तुम्ही खोलीच्या शांततेबद्दल लिहिलं नसतं तर ते माझ्या कानाला कळलंही नसतं.

मी हेडफोन काढले. बायको आत झोपली होती. पंखा चालू होता, खाली कुठेतरी रिक्षा वळली. आमच्या पलंगाखाली जुन्या ट्रंका आहेत, हे मला माहीत आहे. तरी मी बराच वेळ पाय वर घेऊन बसलो होतो.

शेवटची पंचवीस मिनिटं राहिली आहेत. आज पाहतो आणि लिहितो.